फ्रायरचं तेल धड तापत नाही: साधा थर्मोस्टॅट बदलू की डिजिटल कंट्रोलर बसवू?

वडे तेल प्यायला लागले की आचारी म्हणतो तेल खराब, मालक म्हणतो पीठ सैल, आणि नॉब १८० वर असताना तेल खरंच किती तापलंय हे कोणी बघतच नाही. मग इलेक्ट्रिशियन येतो आणि म्हणतो डिजिटल करून टाकू शेठ. करा, पण आधी फ्रायरच्या मधोमध तेलात प्रोब थर्मामीटर (सळईवाला) धरा, हीटरचा दिवा तीन-चार वेळा लागू-विझू द्या, तेव्हाचे आकडे लिहा आणि नॉबशी ताडून बघा. पहिल्यांदा तापताना तेल वर उडी मारतंच, त्यावरून काही ठरवू नका. थर्मामीटरवर भरवसा नसेल तर उकळत्या पाण्यात तपासा, मुंबईत १०० च्या आसपास दाखवायला हवा, पुण्यात ९८, कारण उंचीवर पाणी कमी तापमानाला उकळतं.

व्होल्टेजही बघा. २३० च्या जागी १९० येत असेल तर ३ किलोवॅटचा हीटर जेमतेम २ किलोवॅटचं काम करतो, घाणा सोडला की तेल थंड पडतं ते लवकर वर येत नाही, आणि यावर तुमच्या दोन्ही पर्यायांचा काडीचा उपयोग नाही.

आता साधा थर्मोस्टॅट. तेलात बुडलेल्या बल्बमधला द्रव तापून फुगतो, बारीक नळीतून दाब वर जातो आणि स्विच हीटर बंद करतो, एवढंच. स्वस्त, काही शेकड्यांत येतो, कुठलाही मिस्त्री बसवतो. तेलात पाच-दहा अंश खालीवर होतंच, पण वडे-भजीला तेवढं चालतं. आणि बऱ्याचदा तो बिघडलेलाच नसतो! बल्बवर जळक्या तेलाचा थर बसलेला असतो, त्यामुळे त्याला उष्णता उशिरा कळते आणि तेल तोवर पुढे निघून जातं, किंवा साफसफाईत बल्ब क्लिपमधून सुटून हीटरला टेकलेला असतो आणि तेल तापायच्या आधीच हीटर बंद होतो. घासा, जागेवर बसवा, परत मोजा. नळी मुडपली असेल किंवा द्रव गळला असेल तर मात्र नवाच घ्या, कारण द्रव गेला की बऱ्याच थर्मोस्टॅटला तेल थंडच वाटतं आणि हीटर चालूच राहतो.

डिजिटलचा फायदा खरा आहे, सेटिंग नीट असेल तर दोन-तीन अंशांत तेल धरतो आणि आकडा समोर दिसतो, नवीन पोऱ्यालाही कळतं. पण खर्च हजारांत जातो, आणि बिघडायच्या जागा वाढतात. थर्मोकपलच्या, म्हणजे तेलाचं तापमान मोजणाऱ्या सेन्सरच्या, वायरी उलट जोडल्या तर तेल तापेल तसा आकडा उतरतो आणि कंट्रोलर हीटर चालूच ठेवतो. हीटर चालू-बंद करायला कॉन्टॅक्टर (कंट्रोलरच्या इशाऱ्यावर चालणारा मोठा स्विच) लावणार असाल तर कंट्रोलरच्या पीआयडी सेटिंगमध्ये (तापमान धरून ठेवायची सेटिंग) सायकल टाइम, म्हणजे एका चालू-बंद फेरीचा वेळ, वीसेक सेकंद तरी ठेवा, नाहीतर दिवसभर टकटक करून पॉइंट जळतील. त्याऐवजी एसएसआर, म्हणजे हलते भाग नसलेला इलेक्ट्रॉनिक स्विच, लावला तर तो आवाज करत नाही, पण त्याला हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा तुकडा) आणि हवा लागते, फ्रायरच्या गरम पोटात कोंबला की मरतो आणि मरताना बहुतेकदा शॉर्ट होऊन, म्हणजे हीटर बंदच होत नाही.

माझं मत विचाराल तर एकच गाडा, वडे-भजी आणि जवळ साधा मिस्त्री असेल तर थर्मोस्टॅटच बदला. फ्रोझन फ्राइज, चिकन, समोसे असे वेगवेगळ्या तापमानाचे पदार्थ एकाच फ्रायरवर होत असतील किंवा पोरं सारखी बदलत असतील तर डिजिटल वसूल होतो. तेल वारंवार जास्त तापलं की लवकर खराब होतं, आणि टोटल पोलर कंपाउंड (तेल खराब होताना त्यात वाढणारे घटक) २५ टक्क्यांच्या वर गेलं की एफएसएसएआयच्या (सरकारी अन्नसुरक्षा संस्थेच्या) नियमाने ते वापरता येत नाही, तो खर्चही हिशोबात धरा.

काहीही बसवा, तेल फार तापलं की हीटर तोडणारा, रिसेट बटणवाला वेगळा सेफ्टी कटआउट काढू देऊ नका. 'सारखा ट्रिप होतो' म्हणून तो वगळून वायर डायरेक्ट जोडून देणारे बरेच भेटतात. सारखा ट्रिप होतोय म्हणजे कॉन्टॅक्टर चिकटलाय, एसएसआर शॉर्ट आहे, बल्ब तेलाबाहेर आलाय किंवा तेलाची पातळी हीटरच्या खाली गेलीय, यातलं काय ते शोधल्याशिवाय फ्रायर चालू करू नका.