नुसती गाठ काढायची की अख्खा स्तन? ठरवायच्या आधी हे वाचा

बायॉप्सीत कॅन्सर निघाला, स्टेज लवकरची आहे, आणि डॉक्टर म्हणतात दोन्ही ऑपरेशनं होऊ शकतात, तुम्ही ठरवा. अशा वेळी घरातलं कोणीतरी मोठं माणूस हमखास म्हणतं, "सगळंच काढून टाका, नंतर डोक्याला ताप नको." माझ्या मावशीच्या वेळी आमच्याकडेही हेच झालं. प्रेमापोटीच म्हणतात, पण त्याने आयुष्य वाढतं असं नाही. अमेरिकेत बर्नार्ड फिशर आणि इटलीत उंबेर्तो व्हेरोनेसी या सर्जननी १९७० च्या दशकात हीच तुलना सुरू केली, २० वर्षांचे निकाल २००२ मध्ये आले, आणि गाठ काढून शेक, म्हणजे रेडिएशन, घेतलेल्या बायका आणि स्तन काढलेल्या बायका, दोन्हीकडे जगण्याचं प्रमाण सारखंच निघालं.

मात्र गाठच काढली तर शेक सहसा टाळून चालत नाही. फिशरच्या अभ्यासात शेक न घेतलेल्या ३९ टक्के बायकांना त्याच स्तनात कॅन्सर परत झाला, घेतलेल्यांमध्ये १४ टक्के. पूर्वी २५ शेक असायचे, आता बऱ्याच जणींचं १५ मध्ये होतं, शनिवार-रविवार सोडून ३ आठवडे, पण रोज जावं लागतं, छातीवरच्या शाईच्या खुणा पुसू नयेत म्हणून अंघोळसुद्धा जपून, शिवाय त्वचा काळवंडते आणि थकवा येतो. आणि काढलेल्या गाठीची कडा साफ आली नाही, म्हणजे कडेपर्यंत कॅन्सर दिसला, तर परत ऑपरेशन.

अख्खा स्तन काढला की बहुतेकदा ड्रेनची पिशवी (जखमेतलं पाणी नळीतून जमा होणारी) लावूनच घरी पाठवतात, त्यातलं पाणी रोज मोजून वहीत लिहायचं. शेक बऱ्याचदा टळतात, पण गाठ ५ सेंमीपेक्षा मोठी असेल किंवा काखेतल्या ४ किंवा जास्त गाठींत (लिम्फ नोड) कॅन्सर असेल तर सहसा द्यावेच लागतात, हे आधी नीट विचारा. स्तन काढला म्हणून केमोही टळत नाही हो, ती लागणार की नाही हे ईआर, पीआर, हर-टू (कॅन्सरच्या पेशींवर हार्मोनचे आणि हर-टूचे रिसेप्टर आहेत का ते सांगणारे) हे रिपोर्ट, गाठीचा आकार आणि काखेतल्या गाठी बघून ठरतं. हात सुजतो तो मुख्यतः काखेतल्या गाठी काढल्यामुळे, आणि त्या दोन्ही ऑपरेशनांत काढाव्या लागू शकतात.

आधी छातीला शेक झालेत किंवा स्तनभर कॅन्सर पसरलाय, तर अख्खा स्तन काढणंच बरं. बीआरसीए या जनुकात (घराण्यातून येऊ शकणारा) दोष असेल तर वेगळं बोलावं लागतं. नुसती गाठ मोठी असेल तर आधी केमो देऊन ती लहान करता येते, फक्त केमोआधी गाठीत खुणेची छोटी क्लिप लावून घ्या, गाठ पूर्ण विरघळली तर जागा सापडत नाही.

माझं मत, शेक पूर्ण होणार असतील तर गाठच काढा. पण जिला कॅन्सर झालाय तिलाच मनापासून अख्खा स्तन काढायचा असेल तर तिचं ऐका, शरीर तिचं आहे. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत ऑपरेशन, केमो, शेक तिन्ही बसतात, पण शेकाचं मशीन सगळीकडे नसतं, म्हणून ऑपरेशनची तारीख घ्यायच्या आधीच हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला (योजनेचं काम बघणाऱ्या माणसाला) विचारा की शेक कुठे मिळणार आणि तिथे राहायची सोय आहे का.