मडगावच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात १५६७ साल मिळालं, पण कुरतडलेलं

मार्केटच्या मागच्या गल्लीत दुकान आहे, भर पावसात गेले आणि १५० रुपयांत स्कॉटलंडच्या फक्त १५६७ सालावरचं जाडं पुस्तक उचललं. काय वर्ष आहे बाबा! फेब्रुवारीत राणी मेरीचा नवरा डार्नली ज्या घरात उतरलेला ते घरच बंदुकीच्या दारूने उडवलं, पण बॉडी सापडली बाहेर बागेत आणि अंगावर भाजल्याची खूण नाही, मे महिन्यात बाईने ज्याच्यावर खुनाचा सगळ्यांचा संशय त्याच सरदार बॉथवेलशी लग्न लावलं, जुलैत गादी गेली आणि तिचं १३ महिन्यांचं पोर राजा झालं. नेमकी लॉकलेव्हन किल्ल्यातल्या तिच्या कैदेची पानं वाळवीने खाल्लेली. मालक काका म्हणे, "घेताना चाळायचं गो!" बदलून दिलं नाही, चहा मात्र पाजला. तीन स्टार.