ड्रोनने माग काढायचा कसा: जीपीएसने की कॅमेऱ्याच्या नजरेने?

जीपीएस पद्धतीत ड्रोन तुम्हाला बघतच नाही; खिशातल्या फोनचा ठावठिकाणा धरून उडतो. झाडाआड गेलात तरी माग सुटत नाही. पण मोकळ्या आभाळाखालीही फोनचं जीपीएस सुमारे 5 मीटर चुकू शकतं, आणि नवी जागा बहुधा सेकंदाला एकदाच कळवतं. वेगात वळलात, की फ्रेममध्ये नुसता रस्ता!

कॅमेऱ्यावर चालणारा ड्रोन तुमचा आकार आणि रंग चित्रातच शोधत राहतो, म्हणून फ्रेम नेटकी बसते. अंधारात मात्र तो चाचपडतो. सारख्या कपड्यांतला दुसरा सायकलस्वार आडवा गेला, की गडी भलत्याच्याच मागे. तरी चित्रीकरणासाठी मी हीच पद्धत घेईन. कॅमेऱ्याने माग काढणाऱ्या स्कायडिओ 2 या ड्रोनसाठी तर जीपीएसचा बीकनही, म्हणजे जवळ बाळगून ड्रोनला आपली जागा कळवणारं छोटं यंत्रही, जोडीला मिळायचं.