अकरावीच्या मुलीसाठी मार्गदर्शक घेतला, त्याला आठ महिने झाले

मुलगी गोव्यात डिचोलीला अकरावी सायन्सला आहे. जुलैमध्ये एका संस्थेच्या मार्गदर्शन कार्यक्रमात तिचं नाव घातलं. फी नाही. आठवड्याला एक फोन, महिन्याकाठी एक भेट.

पहिले दोन महिने वाया गेले, हे स्पष्टच सांगते. मार्गदर्शक बंगळूरचे. माणूस सज्जन, पण गोव्याची काहीच माहिती नाही, आणि सगळं बोलणं इंग्रजीत. मुलगी 'येस सर, येस सर' म्हणून फोन ठेवायची. मग फोनच यायचे बंद झाले. तीनदा कळवल्यावर सप्टेंबरात मार्गदर्शक बदलून मिळाला. वेर्णाच्या एका औषध कंपनीत क्वालिटी विभागात काम करणाऱ्या ताई. खरा अनुभव तिथून सुरू झाला.

ताईंनी आधी बायोडेटा लिहायला लावला. हिने लिहिलं, 'छंद: वाचन, संगीत'. ताईंनी ते खोडलं आणि विचारलं, "शाळेतून घरी आल्यावर तू रोज काय करतेस?" ही दुकान सांभाळते. २०१८ मध्ये गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी बंद पडल्या, ह्यांचा खाणीवर चालणारा ट्रक उभा राहिला, तेव्हा आम्ही किराणा दुकान टाकलं. माल किती आला, किती गेला, उधारी कोणाकडे, ती सगळी वही हीच लिहिते. ताई म्हणाल्या, हेच लिही. सोळा वर्षांच्या पोरीच्या या कामाला कोणी काम म्हटलं, याचं मला फार बरं वाटलं.

डिसेंबरात कंपनी बघायला नेलं. डिचोलीहून पणजी, तिथून दुसरी बस, म्हणजे पूर्ण दिवस गेला. उत्पादन विभागात मुलांना सोडलं नाही, काचेतूनच दाखवलं. हिच्या लक्षात राहिलं ते वेगळंच. तिथे नोंद चुकली तर खोडरबर नाही, व्हाइटनर नाही. चुकीवर एकच आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी सही आणि तारीख. आता आमच्या उधारीच्या वहीतसुद्धा तसंच चालतं.

आणखी एक फायदा धाकट्याचा झाला, तो नववीत आहे. दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा केला की इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश घेता येतो, हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. मयेचं सरकारी पॉलिटेक्निक तर घराजवळ. अप्रेंटिसशिपमध्ये शिकताना विद्यावेतन मिळतं, हेही ताईंकडूनच कळलं.

परीक्षेच्या महिन्यातसुद्धा भेटी ठेवतात, ते मात्र चुकीचं आहे. मुलं दमतात.

नाव घालताना मार्गदर्शक गोव्यातला आहे का आणि मुलाशी मराठी-कोंकणीत बोलेल का, एवढं आधी विचारून घ्या. आम्ही बारावीलाही चालू ठेवतोय. ताई याच हव्यात, असं संस्थेला लेखी कळवलंय.