गिअरच्या गाडीला स्लिक्स की ड्रॅग रेडियल? सीझनभर वापरल्यावर

गाडी २०१६ ची मस्टँग जीटी, सहा गिअरची. ट्रॅक डॅलसजवळ एनिसचं टेक्सस मोटरप्लेक्स, सरळ पाव मैलाच्या ड्रॅग रेसचा, सगळं काँक्रीट. आधी ड्रॅग रेडियल (रस्त्यावरही चालणारे चिकट रबराचे रेडियल टायर) होते, आता मागे १७ इंची रिमवर २८ इंच उंचीचे बायस-प्लाय (आत तिरक्या धाग्यांचे थर असलेले) स्लिक्स, म्हणजे खाचा नसलेले शर्यतीचे टायर आहेत. इथल्या आपल्या मंडळींपैकी दोघातिघांनी विचारलं, म्हणून जरा सविस्तर.

क्लच सोडून लाँच करत (जागेवरून सुसाट सुटत) असाल तर बायस-प्लायच घ्या. रेडियलची साइडवॉल ताठ असते. क्लच सुटला की एक तर टायर घट्ट धरतो आणि सगळा दणका हाफशाफ्टवर (मागची चाकं फिरवणाऱ्या दांड्यांवर) जातो, नाहीतर टायर फिरतो, आणि एकदा फिरला की परत धरायचं नाव घेत नाही. रन गेला. बायस-प्लायची साइडवॉल सुरकुतते, दणका पिऊन टाकते. जरासा फिरला तरी पुन्हा पकडतो. माझा पहिल्या ६० फुटांचा टाइम १.९ सेकंदांच्या आसपास रेंगाळायचा, तो १.७ वर आला. पलीकडच्या टोकाला वेग थोडा कमी दिसतो, कारण हे टायर ओढायला जड. ऑटोमॅटिकवाल्यांनी, त्यातही त्याच टायरवर ऑफिसला जाणाऱ्यांनी, निमूट रेडियल घ्यावेत.

हवेचं मात्र नखरेल काम. मी १५ पीएसआयपासून सुरू करून अर्ध्या-अर्ध्याने खाली आलो. फार उतरवली की पुढे रेडियल, मागे बायस-प्लाय अशा जोडीत ताशी शंभर मैलांच्या पुढे गाडी मागून डुलायला लागते, आणि ते अजिबात मजेशीर नसतं. टेक्ससच्या उन्हात रांगेत उभं असताना उन्हाकडचा टायर तापून त्यातली हवा वाढते, म्हणून लाइनला लागायच्या आधी दोन्हीकडे गेज लावायचाच. साइडवॉलमधून हवा झिरपायची, शेवटी ट्यूब टाकल्या. रिम आणि टायर यांच्यावर मिळून खडूची एक रेघ मारून ठेवा. रनानंतर रेघ तुटलेली दिसली तर टायर रिमवर सरकतोय. ट्यूबचा व्हॉल्व्ह फाटण्याआधी रिम स्क्रू (टायर रिमवर सरकू न देणारे) बसवून घ्या.

बर्नआउटला, म्हणजे मागची चाकं जागेवर फिरवून टायर तापवताना, ट्रॅकवर ओतलेल्या पाण्याला वळसा घालून पुढे जायचं आणि मागची चाकं रिव्हर्सने पाण्यात घ्यायची, नाहीतर पुढच्या टायरच्या खाचांतून पाणी थेट स्टार्ट लाइनवर जातं. २०१५ पासून जीटीत कंपनीचाच लाइन लॉक (फक्त पुढचे ब्रेक धरून ठेवणारी सोय) आहे, तो वापरा. रेडियलला हलका धूर पुरतो, स्लिक्सना जरा जास्त लागतो.

स्लिक्स रस्त्यावर चालवता येत नाहीत, म्हणून ट्रॅकवर जाऊन चाकं बदलावी लागतात. दोन चाकं आत कोंबली की शेजारी कुणाला बसवायची सोय राहत नाही. बायकोला हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

टायरच्या किमतीत आणखी एक खर्च धरा. एनएचआरएच्या (अमेरिकेतल्या ड्रॅग रेसिंग संघटनेच्या) नियमाने स्लिक्स लावून १३.९९ सेकंद किंवा त्याहून कमी वेळ काढणाऱ्या गाडीला ड्राइव्हशाफ्ट लूप (ड्राइव्हशाफ्ट तुटला तर त्याला धरून ठेवणारं कडं) लागतो; रस्त्याच्या टायरवर ११.४९ पर्यंत सूट आहे. ही गाडी स्लिक्सवर तेराच्या आतच येते, तेव्हा टायर मागवतानाच लूपही मागवा, टेक इन्स्पेक्शनवाले खाली वाकून बघतात.