चित्रपुस्तक बिनशब्दांचं घ्यावं की एका ओळीचं?

दोन ते पाच वर्षांच्या मुलासाठी पुस्तक घेताना आपण आधी बघतो, यात वाचायला किती आहे? माझ्या मते आधी बघावं, यात मुलाला बोलायला किती जागा आहे.

बिनशब्दांचं पुस्तक घ्या. पानभर पाऊस, उलटी पडलेली छत्री, छत्रीत बसलेलं बदक. खाली एकही ओळ नाही. छत्री कुणाची, असं विचारलं की मूल आज सांगतं बदकाची, उद्या सांगतं वाऱ्याने पळवून आणली. पान उलटलं तर छत्री थेट तळ्यात! मधल्या वेळात काय झालं, हे मुलालाच रचावं लागतं. मला हा प्रकार सर्वात आवडतो तो याचसाठी. अडचण असते ती मोठ्यांची. ‘यात वाचू काय?’ म्हणून सुरुवातीला अवघडायला होतं. शिवाय फार लहान मूल प्रत्येक चित्र सुटं बघतं, ‘बदक!’ म्हणून बोट ठेवतं आणि पुढे जातं. गोष्ट जुळायला थोडं वय लागतं.

एका ओळीच्या पुस्तकात ठेका असतो. ‘बदक बसलं छत्रीत, छत्री निघाली पाण्यात’ हे चार वेळा ऐकलं की मूल शेवटचा शब्द स्वतःच म्हणतं, आणि तो आनंद वेगळाच. दमलेल्या आईबाबांनाही ओळीचा आधार होतो. मात्र ओळ संपली की पान उलटायची घाई होते. घेण्याआधी मजकुरावर हात ठेवून नुसतं चित्र बघा. ओळीत नसलेलं काही तिथे सापडलं, म्हणजे झुडपाआडची मांजर, कुणाचा तरी एकच बूट, तर पुस्तक चांगलं. ओळीत आहे तेवढंच चित्रात असेल तर ठेवून द्या.

बटण दाबलं की आवाज करणारी पुस्तकं मी या कामासाठी घेणार नाही. बदकाचा आवाज मुलाने काढायचा, तो पुस्तकच काढतं.

कुठलंही घेतलं तरी वाचायची पद्धत फार महत्त्वाची. मानसशास्त्रज्ञ ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि सहकाऱ्यांनी 1988 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दोन-अडीच वर्षांच्या आसपासच्या मुलांच्या पालकांना मोकळे प्रश्न विचारत आणि मुलाच्या उत्तरात भर घालत वाचायला शिकवलं होतं. महिनाभरात ती मुलं नेहमीच्या पद्धतीने वाचून दाखवलेल्या मुलांपेक्षा बोलण्यात पुढे गेली. म्हणून ‘हे काय आहे?’ इथेच थांबू नका. ‘आता हे कुठे चाललंय?’ असं विचारा आणि उत्तराची वाट बघा. मूल गप्प राहिलं तरी लगेच स्वतः सांगून टाकू नका.

एकच घ्यायचं असेल आणि मूल तीनच्या पुढे असेल, तर बिनशब्दांचं घ्या. त्याहून लहान असेल तर जाड पुठ्ठ्याच्या पानांचं, एका ओळीचं. आणि अधूनमधून ओळ न वाचता गोष्ट त्यालाच सांगायला लावा.