तुकोबांचं तारण होतं का? चर्चची वेगवेगळी उत्तरं शेजारी शेजारी ठेवून

परवा रात्री अकरा वाजता भाचीचा मेसेज. लग्न ठरतंय, मुलगा हिंदू, घरचे अर्धे खुश अर्धे गप्प. पण तिचा प्रॉब्लेम तो नाहीच. ती म्हणते मावशी, आमचे पाळक सांगतात येशूवर विश्वास नाही तर तारण नाही, वसईची कॅथलिक मैत्रीण म्हणते आमच्यात असं आता कोणी म्हणत नाही, आणि कॉलेजचे सर म्हणायचे सगळे रस्ते एकाच डोंगरावर जातात, मग मी त्याच्या आईबद्दल मनात नक्की काय धरून त्या घरात जायचं?

उत्तर लिहायला बसले आणि ते लांबतच गेलं. (ख्रिस्ती नसलेल्यांसाठी, तारण म्हणजे इथे सोनं तारण ठेवून काढलेलं कर्ज नव्हे, पापातून सुटका आणि देवाजवळ कायमचं राहणं.)

पहिली गोष्ट, बायबलची वचनं मोजून ठरवायला जाऊ नकोस कारण वचनं सगळ्यांकडे आहेत. कडक मतवाले योहान 14:6 दाखवतील, माझ्याद्वारे आल्यावाचून पित्याकडे कोणी येत नाही. दुसरे 1 तीमथ्य 2:4 काढतील की सगळ्या माणसांचं तारण व्हावं अशी देवाची इच्छा आहे. गंमत म्हणजे प्रेषितांच्या कृत्यांमधली कर्नेल्याची गोष्ट दोघंही सांगतात. रोमी शताधिपती, देवाला भिऊन वागणारा, दानधर्म करणारा, आणि येशूचा शिष्य पेत्र तिथे जाऊन म्हणतो की देव पक्षपाती नाही. बघा, म्हणाले उदार मतवाले. पण पुढच्याच अध्यायात स्पष्ट येतं की पेत्र जे सांगेल त्याने तुझं तारण होईल, म्हणजे तोवर झालेलं नव्हतं, म्हणाले कडक मतवाले. झालं, फिरून तिथेच.

म्हणून मी वेगळी टेस्ट लावते. प्रत्येक मताला दोन माणसांबद्दल विचारायचं. एक तुकोबा. त्यांच्या काळात वसईला पोर्तुगीजांची चर्चेस होती पण देहूपर्यंत सुवार्ता (येशूचा संदेश) पोचल्याचं काही दिसत नाही, म्हणजे त्यांनी ऐकलंच नाही. दुसरे गांधीजी. लंडनला असताना येशूचं डोंगरावरचं प्रवचन वाचून भारावलेले, प्रिटोरियातल्या ख्रिस्ती मित्रांनी त्यांच्यासाठी प्रार्थना केल्या, वेलिंग्टनच्या ख्रिस्ती मेळाव्याला नेलं, आणि हे सगळं प्रेमाने ऐकून ते हिंदूच राहिले. एकाने ऐकलं नाही, एकाने ऐकून नको म्हटलं. खरा फरक इथे पडतो.

कडक मत आधी. तिसऱ्या शतकात कार्थेजचा बिशप सिप्रियन म्हणाला चर्चबाहेर तारण नाही, तेव्हा तो बोलत होता चर्च फोडून जाणाऱ्या ख्रिस्ती लोकांबद्दल, पण 1442 मधे फ्लोरेन्सच्या धर्मसभेने ते मूर्तिपूजक, यहुदी सगळ्यांना लावलं. आज प्रोटेस्टंटांमधले बरेच इव्हँजेलिकल (बायबल आणि प्रत्येकाच्या स्वतःच्या विश्वासावर भर देणारे) चर्चबाहेर तारण नाही असं म्हणत नाहीत, ख्रिस्तावरच्या विश्वासाबाहेर तारण नाही असं म्हणतात. उत्तर सरळ आहे, गांधीजी नाहीत, तुकोबाही नाहीत. (तुकोबांपाशी जरा आवाज उतरतो, काही जण देवावर सोडतो म्हणतात.) मला हे मत पचत नाही, पण त्याला हलक्यात घेऊ नकोस. 1813 मधे अमेरिकन मिशनवाले मुंबईत उतरले ते याच काळजीने, ऐकल्याशिवाय विश्वास कसा ठेवतील या बायबलमधल्या रोमकरांस पत्रातल्या प्रश्नाने, आणि आपल्याकडच्या कितीतरी शाळा त्यातून निघाल्या. शिवाय हे मत तुझ्या सासूबाईंना निदान त्यांच्याच नावाने ओळखतं, त्या हिंदू आहेत आणि आम्हाला पटत नाही, संपलं.

दुसरं मत, वसईच्या मैत्रिणीचं. इथे थांबते कारण याबद्दल लोक फार ढोबळ बोलतात. बॉस्टनला फीनी नावाचा जेझुइट (कॅथलिकांमधल्या एका संन्यासी संघाचा) फादर होता, कॅथलिक झाल्याशिवाय कोणाचंच तारण नाही यावर अडून बसलेला, तर रोमने 1949 मधे पत्र पाठवून सांगितलं की बाबा तसं नाही, मग त्याला रोमला बोलावलं, तो गेला नाही, आणि 1953 मधे त्यालाच बहिष्कृत केलं. चर्चबाहेर तारण नाही म्हणणारा चर्चबाहेर! नंतर मरायच्या काही वर्षं आधी परत घेतलं त्याला. पुढे 1964 मधे दुसऱ्या व्हॅटिकन धर्मसभेने लिहून टाकलं की ज्यांना स्वतःचा दोष नसताना ख्रिस्त माहीत झाला नाही पण जे मनापासून देवाला शोधतात, विवेकाला स्मरून वागतात, त्यांचंही तारण होऊ शकतं. होऊ शकतं, होतंच असं नाही, आणि होतं तेही ख्रिस्तामुळेच, त्यांना कळलं नाही तरी. तुकोबा पास.

गांधीजींचं काय? त्याच कागदात थोडं आधी असंही आहे की चर्च गरजेचं आहे हे माहीत असूनही जो आत यायला नकार देतो त्याचं तारण होणार नाही. आता माहीत असणं म्हणजे कानावर पडणं की पटणं? गांधीजींना माहिती सगळी होती, पटलं नव्हतं. बरेच कॅथलिक विचारवंत म्हणतात पटल्याशिवाय माहीत आहे म्हणता येत नाही, मग गांधीजीही वाचतात. मला हे बरोबर वाटतं. पण कडक मतवाला इथे तिरकस प्रश्न विचारतो की मग सांगायला जाताच कशाला, न सांगितलेलं बरं नाही का, आणि त्याचं पूर्ण समाधान करणारं उत्तर मी अजून ऐकलेलं नाही.

या मताची अजून एक गोची. कार्ल राहनर या जर्मन जेझुइटाने अशा लोकांना अनामिक ख्रिस्ती म्हटलं. हेतू चांगला, पण तुझ्या सासूबाईंना सांगून बघ की तुम्ही आतून ख्रिस्तीच आहात. उद्या त्या म्हणाल्या की सूनबाई तू पण अनामिक वारकरी, तर?

तिसरं, सरांचं डोंगरवालं मत. याचा मोठा माणूस जॉन हिक, तरुणपणी कट्टर इव्हँजेलिकल, नंतर बर्मिंगहॅमला राहायला गेल्यावर मशिदी, गुरुद्वारे, मंदिरं जवळून बघितली आणि तिथेही तेच घडतंय असं त्याला वाटलं. 1973 मधे त्याने मांडलं की कोपर्निकसने पृथ्वी मधून काढून सूर्य ठेवला तसं ख्रिस्ती धर्म मधून काढा, देव ठेवा. दोघंही पास, प्रश्नच मिटला. ऐकायला सगळ्यात गोड. पण डोंगर एकच आहे हे सांगायला डोंगराच्या वर उभं राहावं लागतं ना, तिथे सर कधी पोचले? आणि तुकोबा तर मुक्तीच नको, संतांची संगत दे आणि खुशाल जन्माला घाल म्हणतात. त्यांना हवंय ते आणि आपण ज्याला तारण म्हणतो ते एकच, हे परस्पर ठरवणं मला आगाऊपणा वाटतो.

शेवटी सगळेच सुटतील असंही एक जुनं मत आहे, तिसऱ्या शतकातल्या ओरिजेनपासूनचं. त्याचं नाव पुढे पाखंडी ठरलं, पण तसंच बोलणारा निसाचा ग्रेगरी मात्र संत राहिला, आता यावर काय बोलणार. अशी आशा धरायला माझी हरकत नाही, पण ठामपणे शिकवायचं तर मत्तय 25 च्या शेवटी, जिथे येशू सार्वकालिक शिक्षेबद्दल बोलतो, तिथे येऊन अडखळायला होतं.

मी स्वतः दुसऱ्या मताची, गोचीसकट. आणि तिथे मला राहनरने नाही, आपल्या टिळकांनी नेलं. रेव्हरंड ना. वा. टिळक, बाप्तिस्मा 1895. घरदार, नाती, काय काय तुटलं त्यांचं, त्यामुळे सगळं सारखंच म्हणणाऱ्यांच्या यादीत त्यांना घालता येत नाही. पण तेच म्हणायचे की मी तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. आणि 1917 मधे मिशनची नोकरी सोडून त्यांनी देवाचा दरबार काढला त्यात बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले दोन्ही शिष्य चालणार होते. आता पूल तारणारा आहे का नुसताच पोचवणारा, यावर भांडता येईल, पण पुलाला शिव्या देत कोणी पलीकडे जात नाही.

तू ठरव तुझं. पाळकांना भेटशील तेव्हा हिंदूंचं तारण होतं का असं विचारू नकोस, ठरलेलं उत्तर मिळेल. लक्ष्मीबाई टिळकांबद्दल विचार. नवरा ख्रिस्ती झाल्यावर पाच वर्षं त्या हिंदूच होत्या, बाप्तिस्मा 1900 चा. ते दिवस प्लेगचे, 1898 मधेच त्या गेल्या असत्या तर काय, एवढंच विचार आणि बोलायच्या आधी ते किती वेळ गप्प राहतात ते बघ.